चौथ्या दिशेचं कापड

मधुसूदन वैरागडकर सरांकडे लिहून घ्यायला कोणी टिकत नसे. पहिला त्यांचाच जुना विद्यार्थी होता, तो अकरा दिवसांत गेला. दुसरे प्रीतम नावाचे एक निवृत्त कारकून. सज्जन माणूस, अक्षर छापल्यासारखं. त्यांना सर एक दिवस म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर नकला केल्या, त्यामुळे डोकं कोरं राहिलं. एका अर्थी बरंच झालं." प्रीतमजींनी पेनाला टोपण लावलं, उठले आणि पुन्हा आले नाहीत. मला हे ठाऊक, कारण सीताबर्डीला माझं डीटीपीचं काम आहे आणि सरांची लिहिलेली पानं टाइप व्हायला माझ्याकडे येत. पानांवरचं अक्षर बदललं की मी समजायचो, आणखी एक गेला.

तिसरं अक्षर यमुताई परातेंचं. त्या लिहायला आल्याच नव्हत्या. त्या स्वयंपाकाला होत्या.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको वारली होती, मुलगी नूपुर बंगळुरूला. पंचाहत्तरीला त्यांच्या दोन्ही डोळ्यांना नजरेच्या मधोमध काळा डाग धरला. कडेचं अंधुक दिसायचं, समोरचं नाही. आणि नेमकं तेव्हाच त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. आपल्या विश्वाला लांबी, रुंदी, उंची अशा तीन मिती आहेत. त्या दोनच असत्या किंवा चार असत्या, तर तिथे जीव जगला असता का, आणि कसा जगला असता, असा पुस्तकाचा विषय.

प्रीतमजी गेले त्या दिवशी सर खुर्चीत बसून एकच वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत होते, विसरू नये म्हणून. शेवटी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "बाई, लिहिता येतं का?"

"येते."

"किती शिकलात?"

"धावी पास."

"म्हणजे येत नाही. पण बसा."

यमुताईंनी कणकेचे हात धुतले आणि त्या बसल्या. "लिहासाठी नाही बसली मी," त्यांनी मला पुढे सांगितलं. "येत नाही म्हणे. मंग पाह्यतेच म्हटलं."

यमुताई मूळच्या उमरेडच्या, कोष्ट्याच्या घरातल्या. बाप खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर बसायचा आणि नवव्या वर्षापासून यमुताईंच्या हातात आडवा धागा नेणारा धोटा होता. लग्न होऊन नागपूरला पाचपावलीत आल्या. नवरा पॉवरलूमवर होता. तो कारखाना बंद पडला आणि मागोमाग नवराही छातीच्या दुखण्याने गेला. माग सुटला तो कायमचाच. आता त्या तीन घरचा स्वयंपाक करत. सरांकडे यायला अग्रसेन चौकातून मेट्रो धरायच्या आणि शंकरनगरला उतरायच्या. उंच, हडकुळ्या, बोलण्यात सरळ. हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही.

लिखाण सुरू झालं तसं भांडणही सुरू झालं. सर सांगत, यमुताई लिहीत. सर म्हणत, वाचा. त्या वाचत, आणि प्रत्येक ह्रस्व-दीर्घाला सर थांबवत. डोळ्याने दिसत नव्हतं तरी वाचताना अडखळलं की त्यांना बरोबर कळे. "तुमच्याकडे ऊ एकच असतो का? मोठा तेवढा परवडत नाही वाटतं." यमुताई खोडून पुन्हा लिहायच्या. पेन इतकं दाबायच्या की मला मागच्या पानावर खुणा दिसायच्या.

पहिली प्रकरणं दोन मितींच्या जगाची होती. तिथलं सगळं कागदावर काढलेल्या चित्रासारखं, कागदाच्या वर काही नाही नि खालीही नाही. सरांनी सांगितलं की तिथल्या प्राण्याला तोंडापासून मागच्या टोकापर्यंत आरपार अन्ननळी असू शकत नाही. असली तर त्या नळीनेच त्याचे दोन तुकडे होतील, वरचा वेगळा आणि खालचा वेगळा.

लिहिता लिहिता यमुताई म्हणाल्या, "मंग तो तोंडानंच खाईन अन् तोंडानंच टाकन."

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही."

"मग लिहा."

चार दिवसांनी सरांनी सांगितलं, "काही जीव एकाच वाटेने खातील आणि त्याच वाटेने टाकतील." यमुताईंनी पेन थांबवलं. सर म्हणाले, "हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे. तुमचं तोंड तसं करू नका, मला कडेने दिसतं."

मग आवाजाचं प्रकरण आलं. आपल्याकडे टाळी वाजली की तिची लाट पुढे निघून जाते आणि मागे शांतता उरते. दोन मितींत तसं होत नाही. लाटेला लांब शेपूट राहतं, आवाज विरत जातो पण तुटत नाही. हे लिहून झाल्यावर यमुताईंनी विचारलं, "मंग तिथं तुमच्यासारख्या माणसानं काय करावं जी? सकाळी बोललेलं दुपारपर्यंत ऐकू येईन."

सर म्हणाले, "भाजीत मीठ जास्त होतं."

त्याच उन्हाळ्यात सरांची स्लाइड रूल हरवली, गणित करायची जुनी लाकडी पट्टी. सरांनी यमुताईंच्या देखत बंगळुरूला फोन लावला. "नूपुर, ही बाई हाताची स्वच्छ नाही. दुसरी शोध." फोन स्पीकरवर होता. पलीकडून नूपुर म्हणत होती, बाबा, हळू बोला, त्या तिथेच असतील. "आहेच इथे," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना पट्टी गादीखाली सापडली. यमुताईंनी ती टेबलावर, सरांच्या हाताशी ठेवली. सरांनी बोटांनी चाचपली. म्हणाले, "शेवटी परत ठेवलीत."

हे सांगताना यमुताईंचा आवाज चढला नव्हता. मी विचारलं, मग सोडलं का नाही? स्वयंपाकाला घरं काय कमी आहेत?

"अर्ध्यात सोडलं असतं तर तो म्हणाला असता, बाईले जमलं नाही." मग त्या म्हणाल्या, "अन् मले पुढचं ऐकायचं होतं."

पुढे चार मितींचं जग होतं. लांबी, रुंदी, उंची आणि त्याखेरीज आणखी एक दिशा, जिकडे आपल्याला बोट दाखवता येत नाही. सरांनी सांगितलं की तिथे ग्रह सूर्याभोवती टिकणारच नाही. केसभर जवळ गेला तर आत कोसळेल, केसभर लांब गेला तर कायमचा निघून जाईल. म्हणून तिथली जीवसृष्टी सूर्याच्या भरवशावर नसेल, खोल कुठेतरी जमिनीच्या आतल्या उबेवर असेल. हे प्रकरण टाइप करताना मीदेखील हात थांबवून दोनदा वाचलं. माणूस कसाही असो, सांगायचा फार चांगलं.

सातव्या प्रकरणात सरांनी त्या जगातल्या माणसांची घरं, भांडी, कपडे घेतले. कपड्यांशी आल्यावर ते रंगात आले. "तिथले विणकर चार दिशांनी धागे नेतील, आणि त्यांचं कापड आपल्या कोणत्याही कापडाहून घट्ट आणि तलम असेल."

यमुताईंनी पेन खाली ठेवलं.

"लिहिलंत?"

"नाही."

"का?"

"चुकीचं हाय ते. तिथं कापड होणारच नाही."

सर खुर्चीत सरळ झाले. "कारण?"

यमुताईंना कारण माहीत होतं, पण ते तोंडात येईना. हाताला माहीत होतं. त्या दोन्ही हात वर-खाली करत म्हणाल्या, "धागा सुटून जाईन. एवढी मोकळी जागा असल्यावर तो काहून थांबन?"

"सुटून जाईन," सरांनी त्यांची नक्कल केली. "मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना हे शिकवलं. आणि तू मला शिकवतेस? पोळ्या लाट, जा."

तोपर्यंत ते 'तुम्ही' म्हणत. यमुताई उठल्या, पोळ्या लाटल्या, झाकून ठेवल्या आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी मारली आणि सकाळची एसटी धरून उमरेड गाठलं.

उमरेडला त्यांचा भाऊ भैय्याजी एकटाच उरलेला माग चालवत होता. बहिणीचं नि त्याचंही फारसं बरं नव्हतं. बाप आजारी असताना ही नागपूरला बसून राहिली, हा राग त्याने जपून ठेवला होता.

"काहून आली वं?"

"माग पाहाले."

"माग पाहाले? तमाशा आहे का?"

यमुताई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या. पायाखालची पावडी दाबली. ताण्याचे, म्हणजे उभे, अर्धे धागे वर उचलले गेले, मधून धोटा गेला, पावडी सोडली, धागे खाली बसले. किती वर्षांनी त्या बसल्या होत्या, पण डोकं दुसरीकडेच होतं. धागा वर उचलला म्हणजे उंचीत गेला. कागदावरच्या जगात उंचीच नाही; तिथे धाग्याला धागा आडवा येईल आणि दोघंही तिथेच अडतील, विणकाम होणार नाही. आपल्याकडे उंची आहे म्हणून एक धागा दुसऱ्यावरून जातो, आणि परत येताना त्याला वाट उरत नाही म्हणून तो राहतो. आणि चौथी दिशा असली तर?

"काय लावलं वं हे? चालवायचा तर चालव, नाही तं ऊठ."

"भाऊ, मले एक सांग. कापड म्हणजे काय गा?"

भैय्याजी वैतागून म्हणाला, "धाग्याले पळाले जागा नाही, ते कापड. आता ऊठ."

यमुताई उठल्या. चहाही न घेता परतीच्या एसटीत बसल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी चांगलं म्हणणार नाही. सरांनी सातवं प्रकरण नऊ दिवस सांगितलं. यमुताईंनी ते शब्दन् शब्द एका शंभरपानी वहीत उतरवलं. सर म्हणाले वाच की त्या वहीतून वाचून दाखवायच्या. घरी जाऊन मात्र पुस्तकाच्या पानांवर त्यांनी आपलं स्वतःचं सातवं प्रकरण लिहिलं. माझ्याकडे टाइपला आली ती ही पानं.

मला पहिल्याच ओळीला कळलं. सरांची वाक्यं लांब, एकात एक गुंतलेली. ही वाक्यं तुटक होती. "चार दिशांच्या जगात गाठ बसत नाही. दोरीची कोणतीही गाठ तिथे आपोआप सुटते, कारण दोरीला दोरीच्या बाजूने निघून जायला एक दिशा जास्तीची आहे. गाठ बसत नाही तर वीण बसत नाही. वीण बसत नाही तर कापड नाही." पुढे त्यांनी आणखी एक मुद्दा काढला होता. समजा कसंतरी कापड झालं, तरी ते तिथल्या माणसाच्या उपयोगाचं नाही. आपल्या अंगावर एक धागा टाकला तर अंग झाकत नाही, तसं तिथल्या अंगावर आपलं सपाट कापड टाकलं तर काहीच झाकणार नाही. तिथल्या शरीराला झाकायला जाडीसकट तीन दिशांचं कापड लागेल. ते कोण विणणार, आणि कशाने?

मी सरांना फोन करायला हवा होता. केला नाही. प्रकरण बरोबर वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर प्रीतमजींना ते जे बोलले होते ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

दिवाळीला नूपुर आली. वडिलांना बरं वाटावं म्हणून तिने टाइप झालेलं पुस्तक लॅपटॉपवरून वाचून दाखवायला घेतलं. सातव्या प्रकरणाच्या तिसऱ्या ओळीला सर म्हणाले, "थांब. हे काय आहे?"

"इथे हेच आहे, बाबा."

"पुन्हा वाच."

तिने वाचलं. यमुताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीच मला तो प्रसंग सांगितला, आणि नूपुरनेही जवळजवळ तसाच सांगितला.

सर म्हणाले, "आंधळ्याला फसवलंस."

"फसवलं," यमुताई म्हणाल्या.

"पोलिसात देईन."

"द्या. पण आधी पूर्ण ऐका. तुमचं पुस्तक चुकीचं छापू देऊ का मी? माझ्या अक्षरात हाय ते."

"बाहेर हो."

यमुताईंनी पिशवी उचलली आणि शंभरपानी वही टेबलावर टाकली. "तुमचं सातवं. एक काना इकडचा तिकडे नाही." आणि गेल्या.

नूपुरला वाटलं विषय संपला. तिने दुसरी बाई बघायला सुरुवात केली. पण सरांनी तिला ते प्रकरण पुन्हा वाचायला लावलं, मग पुन्हा. तीन दिवस सर तेवढंच ऐकत राहिले. जेवण अर्धं टाकायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "तिला बोलाव."

"माफी मागणार आहात का?"

"उत्तर द्यायचं आहे. माझ्याच पुस्तकात, तिच्याच हातून."

यमुताई येणार नाहीत अशी नूपुरची खात्री होती. त्या दुसऱ्या सकाळी नेहमीच्या वेळेला आल्या, स्वयंपाकघरात न जाता सरळ टेबलाशी बसल्या.

सरांनी सांगायला सुरुवात केली. "प्रकरण आठवे. मागील प्रकरणातील म्हणणे एका अडाणी बाईचे आहे."

यमुताईंनी विचारलं, "अडाणीतला णी दुसराच ना जी?"

"दुसरी वेलांटी. लिही, ते म्हणणे चूक आहे. परंतु चूक कुठे आहे हे शोधायला मला चार दिवस लागले."

सरांचं उत्तर असं होतं. चार मितींत धाग्याने धागा अडत नाही, हे कबूल. पण तिथे धाग्याला अडवायला धागा वापरायचाच कशाला? तिथे धागा अडतो तो पटाने, म्हणजे सपाट पसरलेल्या पातळ पत्र्यासारख्या वस्तूने. आपल्या जगात धागा आणि पट एकमेकांत गुंतवता येत नाहीत, धाग्याला पट फाडूनच जावं लागतं. पण तिथे धागा पटाला न फाडता, धक्काही न लावता त्याला वळसा घालून जाऊ शकतो आणि त्यात अडकूनही राहतो. म्हणून तिथले विणकर उभा ताणा धाग्यांचा घेतील आणि आडवा बाणा पटांचा.

लिहून झाल्यावर यमुताईंनी विचारलं, "पट आणायचा कुठून? धाग्याशिवाय पट होतच नाही."

"ते तुझ्या प्रकरणात लिही."

अशी नववी, दहावी आणि अकरावी प्रकरणं झाली. यमुताईंनी लिहिलं की आधी पट विणायला पट पाहिजे, म्हणजे पहिला विणकर उपाशी मेला. सरांनी उत्तर सांगितलं की पट विणावा लागत नाही, उगवतो. केळीचं पान कोणी मागावर विणतं का? त्यावर यमुताईंचा निकाल: "मंग त्याले पत्रावळ म्हणा, कापड नोका म्हणू." हे बोलण्यातलं वाक्य त्यांनी प्रकरणात जसंच्या तसं घातलं. सर म्हणाले, भाषा तरी सुधार. त्या म्हणाल्या, सुधारणार नाही. सर दोनदा खुर्चीवरून उठून ओरडले, एकदा पाण्याचा ग्लास फुटला. स्वयंपाक चालू होता, पण यमुताई मुद्दाम तिखट वाढवायच्या आणि सर मुद्दाम पाणी न पिता खायचे. हिवाळा असा गेला.

मी एकदा म्हटलं, "यमुताई, आता तुमचं जमलं म्हणायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो शब्द काढला नाही. "जमलं? तो माणूस मेला तरी मी रडणार नाही."

एप्रिलमध्ये यमुताईंच्या डोक्यात एक गोष्ट बसली. पाचपावलीतल्या त्यांच्या खोलीत जुनी बाज होती, तिची रुंद पट्टीची नवार सैल झाली होती. ती कसता कसता त्यांच्या मनात आलं, की सरांचा पट म्हणजे नवारच समजा. मग त्यांनी मोजलं. आपल्याकडे ताणा धाग्याचा, त्याची एक दिशा. बाणा धाग्याचा, त्याची एक दिशा. एक आणि एक दोन, आणि आपलं कापड दोन दिशांचं. तिथे ताणा धाग्याचा, एक दिशा. बाणा पटाचा, दोन दिशा. एक आणि दोन तीन. तीन दिशांचं कापड. आणि तिथल्या शरीराला झाकायला तीन दिशांचंच कापड लागतं, हे तर त्यांनी स्वतःच सातव्या प्रकरणात लिहिलं होतं.

म्हणजे सरांचं कापड नुसतं टिकणारं नव्हतं, ते अंगाला बरोबर बसणारं होतं. सरांनी धागा कसा अडतो तेवढंच पाहिलं होतं. हा हिशेब त्यांच्या लक्षात आला नव्हता. यमुताईंच्या आक्षेपाचं उत्तर सरांच्या उत्तरातच होतं, आणि ते फक्त यमुताईंना दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, टेबलाशी बसल्या. सरांनी विचारलं, "पत्रावळीच्या पुढे काही सुचलं का?"

"नाही," यमुताई म्हणाल्या.

त्या रोज जात राहिल्या. सर रोज विचारत राहिले, कधी टोमणा मारून, कधी नुसतं. त्या रोज नाही म्हणाल्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सरांना ताप भरला. पारा सेहेचाळीसवर होता. उन्हाचा असेल म्हणून दोन दिवस गेले, मग दवाखान्यात हलवलं, आणि नूपुर पोचायच्या आधी सर गेले.

कॉलेजात शोकसभा झाली. मीही गेलो होतो. जुने विद्यार्थी एकामागून एक उठून सरांच्या मायेबद्दल बोलले. अकरा दिवसांत पळालेला विद्यार्थीही बोलला. नूपुरने शेवटी यमुताईंचं नाव घेतलं. बाबांच्या अखेरच्या काळात ज्या त्यांच्या जवळ होत्या त्यांनी दोन शब्द बोलावेत, असं म्हणाली.

यमुताई उभ्या राहिल्या. "सर चांगले नव्हते," त्या म्हणाल्या. "पण शेवटच्या भांडणात ते बरोबर होते. माझं चुकलं होतं. मले महिनाभर आधी कळलं. मी त्याईले सांगितलं नाही."

पुढच्या रांगेतला कोणीतरी म्हणाला, "बसा, बाई." यमुताई बसल्या नाहीत. त्यांनी बोटांवर मोजत ताणा आणि बाणा समजावून सांगितला, एक आणि एक दोन, एक आणि दोन तीन. दोन-तीन प्राध्यापक पुढे झुकून ऐकत होते. बाकीचे एकमेकांकडे पाहत होते. झाल्यावर कोणी टाळी वाजवली नाही, शोकसभेत वाजवतही नाहीत.

बाहेर व्हरांड्यात नूपुरने त्यांना गाठलं. तिचे डोळे सुजलेले होते. "महिनाभर? ते मला रोज फोनवर विचारायचे, ती तुझ्याशी काही बोलली का, तिने काही लिहिलं का. एक वाक्य होतं, यमुताई."

"त्यानं मले एकदा तरी म्हटलं का, बाई, तुझं बरोबर?"

"म्हणून तुम्ही—"

"हो. म्हणून."

नूपुर तिथून वळली. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन करून सांगितलं की पुस्तक छापायचं नाही, फाइल तिला पाठवायची आणि माझ्याकडची पुसायची. मी पाठवली. पुसली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी यमुताई माझ्या दुकानात आल्या. पुस्तकातली काही पानं छापून हवी होती. मला वाटलं त्यांची स्वतःची प्रकरणं मागतील. त्यांनी आठवं मागितलं, सरांचं. मी म्हटलं, "त्यात तुम्हाला अडाणी म्हटलं आहे."

"म्हटलं हाय. तसंच छाप."

ती पानं त्यांनी उमरेडला नेली आणि भैय्याजीला मागाजवळ बसून वाचून दाखवली. भैय्याजीने काम न थांबवता ऐकलं. धागा आणि पट ही गोष्ट त्याला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळली. मग त्याने धोटा बाजूला ठेवला आणि विचारलं, "हा माणूस विणकर होता का वं?"

"नाही. त्यानं माग कधी पाह्यलाही नसन."

"मंग त्याले कसं समजलं?"

यमुताई म्हणाल्या की ते त्यांनाही माहीत नाही. भैय्याजीने पानं मागितली. त्यांनी दिली नाहीत, घडी करून पिशवीत टाकली. एसटीची वेळ झाली होती.